प्याद्याचा घोडा

बुद्धिबळाच्या पटावर पहिली चाल पांढऱ्या मोहऱ्यांची असते आणि काळ्याने तिला उत्तर द्यावयाचे असते. नियम दिसावयास साधा आहे. परंतु या खेळाचे सारे राजकारण त्यात साठविलेले आहे. ज्याला पहिली चाल मिळाली त्याच्या हाती डावाची दिशा. ज्याला दुसरी मिळाली त्याच्या वाट्यास बचाव. जाणकारांनी नवशिक्यांस पिढ्यानुपिढ्या हेच शिकविले, की काळी मोहरी हाती आली म्हणजे आधी आपले घर सांभाळावे, प्रतिपक्षाचा जोर ओसरू द्यावा आणि मग संधीची वाट पाहावी. या शहाणपणाविरुद्ध ज्यांनी बंड केले, अशा दोन चालींचा इतिहास मी आज आपणांस सांगणार आहे. त्या चालींस बुद्धिबळाच्या परिभाषेत 'काउंटर-गॅम्बिट' असे नाव आहे. विषय पटावरचा असला, तरी पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या सीमेवरच्या गावांना तो परका नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम या शब्दाचे मूळ पाहू. 'गॅम्बिट' हा शब्द इंग्रजीने बाहेरून घेतला. इटालियन भाषेत 'गांबा' म्हणजे पाय, आणि 'गांबेत्तो' म्हणजे कुस्तीत प्रतिपक्षाच्या पायात पाय घालून त्यास पाडणे. आपल्या आखाड्यातील मल्ल ज्याला टांग मारणे म्हणतात तोच हा प्रकार. बुद्धिबळात हा शब्द प्रथम रूढ केला तो एका धर्मगुरूने. स्पेनमधील साफ्रा या गावचा रुय लोपेझ नावाचा पाद्री आपल्या काळातील नामांकित खेळाडू होता. त्याने १५६१ साली बुद्धिबळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आरंभीच एखादे प्यादे देऊन प्रतिपक्षाचा तोल घालविण्याच्या युक्तीला त्याने हे कुस्तीतले नाव दिले. त्याच काळी त्याच देशात आविलाची संत तेरेझा आपल्या मठातील भगिनींना प्रार्थनेची वाट समजावून देताना बुद्धिबळाचाच दृष्टान्त देत होती. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की धर्मपीठावरच्या माणसांनाही या खेळात केवळ करमणूक दिसली नाही. देण्याघेण्याचा, त्यागाचा आणि फळाचा काही हिशेब त्यांना तेथे दिसला.

रुय लोपेझच्या चरित्रातच आपल्या विषयाचे बीज आहे. १५६० च्या सुमारास तो रोम येथे गेला असता लिओनार्दो नावाच्या एका इटालियन तरुणाशी त्याचे डाव झाले. लिओनार्दो वयाने इतका कोवळा दिसे, की लोक त्यास 'पोरगा' म्हणूनच हाक मारीत. त्या वेळी अनुभवी पाद्र्याने पोरग्यास हरविले. पोरगा अभ्यासास लागला. आणि १५७५ साली माद्रिद येथे, राजा दुसरा फिलिप याच्या दरबारात, त्याने रुय लोपेझला हरवून आपली बाकी चुकती केली. ज्येष्ठाने टांग मारावी आणि धाकट्याने उलटी टांग मारून उत्तर द्यावे, ही परंपरा इतकी जुनी आहे.

आता आपल्या घराकडे वळू. बुद्धिबळाचा जन्म भारतात झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु आपले आजे-पणजे ओसरीवर जो देशी डाव मांडीत, त्यात असे गॅम्बिट संभवत नव्हते, हे फारसे कोणी सांगत नाही. याचे कारण नियमांत आहे. देशी डावात, प्रांतोप्रांतीचे थोडे फरक सोडले, तर प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरके. युरोपात मात्र प्याद्यास पहिल्या खेपेस दोन घरे जाण्याची मुभा मिळाली. या एका मुभेने खेळाचा वेगच पालटला. दोन्ही सैन्ये पहिल्या दोन-तीन चालींतच पटाच्या मध्यावर एकमेकांस भिडू लागली आणि सुरुवातीलाच एखादे प्यादे फेकून घाई करण्यात अर्थ उत्पन्न झाला. देशी डावात सैन्याची मांडणी संथपणे चाले. पावसाळा संपून मोहिमेस निघण्यापूर्वी छावणीत तयारी चालावी तशी. किल्लेकोटही तेथे नव्हता; राजाला, जोवर त्याला शह बसला नाही तोवर, एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. आणि आणखी एक नियम होता, जो आपण विशेष लक्षात ठेवावा. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले, की युरोपीय डावात त्याचा वाटेल तो मोहरा करता येतो आणि लोक बहुधा वजीरच करतात. देशी डावात तसे नव्हते. प्यादे ज्याच्या घरात पोहोचेल तेच ते होई : हत्तीच्या घरात पोहोचले तर हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा.

एकोणिसाव्या शतकात हे दोन खेळ एकमेकांसमोर आले. १८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्रेवंगडाचार्य शास्त्री यांनी मूळ संस्कृतातून ते भाषांतरित केले होते आणि त्यातील डाव युरोपीय पद्धतीस जुळवून दिले होते. १८२९ साली मद्रास येथे गुलाम कासिम या हिंदी खेळाडूने जेम्स कॉक्रेन याच्यासह एका तिखट युरोपीय गॅम्बिटची चिकित्सा ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी डाव खेळत असे व त्यांची टिपणे ठेवीत असे. महेशचंद्रांनी काळ्या मोहऱ्यांनी योजिलेल्या, प्यादे एकेक घर सरकवून उंट बाजूने बाहेर काढण्याच्या मांडण्या युरोपास त्या वेळी विचित्र वाटल्या. त्यांपैकी काहींना पुढे जगाने 'इंडियन डिफेन्स' म्हणून मान दिला. सारांश, परका नियम आपल्याकडे आला तेव्हा आपले लोक केवळ शिष्य राहिले नाहीत. त्यांनी उत्तर दिले, आणि ते आपल्या पद्धतीने दिले.

आता ज्या चालीचे नाव काउंटर-गॅम्बिटांत सर्वांत गाजले तिच्याकडे येऊ. एर्न्स्ट फाल्कबीअर हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ब्र्यून शहरी १८१९ साली जन्मला. व्हिएन्ना येथे १८५५ साली त्याने बुद्धिबळाचे एक नियतकालिक सुरू केले. त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेली चाल अशी. पांढरा राजापुढील प्यादे दोन घरे नेतो. काळा तसेच करतो. पांढरा राजाच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे दोन घरे नेऊन ते मारावयास देतो. हे झाले राजाचे गॅम्बिट. रीतीप्रमाणे काळ्याने ते प्यादे घ्यावे, नाही तर आपले प्यादे सांभाळावे. फाल्कबीअर यांपैकी काहीच करीत नाही. तो वजिरापुढील प्यादे दोन घरे फेकतो आणि उलट आपलेच प्यादे मारावयास देतो. पांढऱ्याने ते मारले, की काळा आपले राजापुढचे प्यादे आणखी एक घर पुढे रेटून पांढऱ्याच्या छावणीच्या तोंडाशी रोवतो. त्या एका प्याद्यामुळे पांढऱ्याच्या घोड्यास आपल्या नेहमीच्या घरी बाहेर पडता येत नाही. काळ्याजवळ एक प्यादे कमी असते. पण वाट त्याची मोकळी आणि प्रतिपक्षाची अडलेली असते.

या चालीचे तेज जगाला दाखविले ते एका वीस वर्षांच्या मुलाने. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील पॉल मॉर्फी हा १८३७ साली जन्मलेला तरुण मोबील शहराजवळील स्प्रिंग हिल या जेझुइट पाद्र्यांच्या महाविद्यालयात शिकला होता. १८५७ साली न्यूयॉर्क येथे अमेरिकेची पहिली बुद्धिबळ परिषद भरली, ती त्याने जिंकली. त्याच वर्षी, त्याच शहरी, शुल्टेन नावाच्या व्यापाऱ्याशी खेळताना मॉर्फीच्या हाती काळी मोहरी होती. शुल्टेनने राजाचे गॅम्बिट दिले. मॉर्फीने फाल्कबीअरची उलटी टांग मारली. पुढे सहाव्या चालीला त्याने ते पुढे रोवलेले प्यादेही आणखी एक घर ढकलून देऊन टाकले. पाहणाऱ्यास वाटावे, की मुलगा उधळपट्टी करीत आहे. परंतु त्या दानाने राजासमोरची उभी रांग मोकळी झाली, आणि काळ्याचा हत्ती नवव्या चालीला त्या रांगेतून शह देत उभा राहिला. तेराव्या चालीला मॉर्फीने तो हत्ती उंटावर घातला. नंतर दोन घोडे, एक उंट आणि वजीर यांनी पांढऱ्या राजास त्याच्या घरातून ओढून पटाच्या मध्याकडे आणले आणि तेविसाव्या चालीस मात केली. त्या वेळी पांढऱ्याचा एक हत्ती कोपऱ्यात, आपल्या जन्मघरी, अजून तसाच उभा होता. त्याला लढाई सुरू झाल्याचे कळलेच नव्हते म्हणा ना!

मॉर्फीचा हा डाव वाचताना काउंटर-गॅम्बिटचे मर्म कळते. त्याने शुल्टेनचे काही हिसकावून घेतले नाही. आधी दिले, एकदा नव्हे, तीनदा दिले. त्या प्रत्येक दानाच्या मोबदल्यात त्याला एकेक चालीची उसंत मिळाली. प्यादे मोजता येते, उसंत मोजता येत नाही. म्हणून लोभी खेळाडूस पहिल्याची किंमत कळते आणि दुसऱ्याची कळत नाही.

दुसरी चाल आहे अल्बिनची. अॅडॉल्फ अल्बिन हा बुखारेस्टचा. १८९३ साली न्यूयॉर्क येथील स्पर्धेत त्याने ती इमॅन्युएल लास्कर या चोवीस वर्षांच्या जर्मन तरुणाविरुद्ध योजली. अल्बिन तो डाव हरला. आणि यात त्याच्या चालीचा दोष किती हे सांगणे कठीण, कारण लास्करने त्या स्पर्धेतील सगळेच्या सगळे तेरा डाव जिंकले आणि पुढच्याच वर्षी तो जगज्जेता झाला. परंतु अल्बिनच्या या चालीत एक सापळा दडलेला आहे, जो आज लास्करच्याच नावाने ओळखला जातो. तो मी आपणांस सविस्तर सांगतो. घरी पट असेल त्यांनी तो मांडून पाहावा.

पांढरा वजिरापुढील प्यादे दोन घरे नेतो, काळाही नेतो. पांढरा वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे दोन घरे नेऊन देऊ करतो. हे वजिराचे गॅम्बिट. काळा ते घेत नाही. राजापुढील प्यादे दोन घरे नेऊन आपलेच देऊ करतो. पांढरा ते घेतो. काळा वजिराचे प्यादे आणखी एक घर पुढे नेतो. हे प्यादे घशात अडकलेल्या काट्यासारखे असते. पांढरा ते काढण्यासाठी राजापुढील प्यादे एक घर सरकवितो. काळा उंटाने शह देतो. पांढरा आपला उंट मध्ये घालतो. काळ्याचे प्यादे पांढऱ्याचे राजापुढचे प्यादे मारते. येथे पांढऱ्याने ते पुढे आलेले प्यादे मारावे, हे शहाणपण. पण समोर काळ्याचा उंट आयता दिसतो आणि हात शिवशिवतो. पांढरा उंट मारतो. काळ्याचे प्यादे आणखी एक प्यादे मारून राजाला शह देते. राजाला ते प्यादे मारता येत नाही, कारण तो हलला की त्याच्या वजिरावरचे छत्र जाते. राजा एक घर पुढे येतो. आणि आता काळ्याचे ते प्यादे पांढऱ्याचा घोडा मारून शेवटच्या घरात पोहोचते.

युरोपीय खेळाडूचा हात येथे सवयीने वजिराकडे जातो. प्याद्याचा वजीर करावा, याहून मोठे भाग्य ते कोणते? परंतु वजीर केला, तर पांढरा आधी काळ्याचा मूळ वजीर शह देऊन घेतो आणि नंतर नवा वजीर हत्तीने मारतो. हिशेब बरोबरीत येतो. खरी चाल वेगळीच आहे. प्याद्याचा घोडा करावयाचा! तो घोडा जन्मताच राजाला शह देतो. हत्तीने घोडा मारला, तर काळ्याचा उंट राजाला शह देतो आणि राजा सरकला, की त्याच्या पाठीमागचा वजीर जातो. राजा मागे फिरला, तर काळ्याचा वजीर शह देऊन हल्ला चालू ठेवतो. अवघ्या सातव्या चालीत डाव निकालात निघतो.

श्रोतेहो, येथे थोडे थांबावे. ते प्यादे शेवटी कोणत्या घरात पोहोचले? घोड्याच्या. आपल्या देशी डावाच्या नियमाप्रमाणे त्याचे दुसरे काही झालेच नसते; घोडाच झाला असता. ज्या चालीने युरोपातील जाणकार चकित झाले, ती ओसरीवर डाव मांडणाऱ्या आपल्या एखाद्या म्हाताऱ्यास मुळीच नवल वाटली नसती. तो म्हणाला असता, घोड्याच्या घरी गेला तो घोडाच व्हायचा. देशी डावाचा तो नियम आपल्याकडील स्पर्धांतून नाहीसा झाला. नव्या नियमाने निवड दिली, हे चांगलेच झाले. परंतु निवड मिळाली म्हणजे माणूस बहुधा सर्वांत मोठे नाव निवडतो. वेळेला कामास येणारे मोहरे निवडीत नाही. जुना नियम एवढे तरी शिकवीत होता, की प्रत्येक प्याद्याने वजीरच झाले पाहिजे असे नाही.

काउंटर-गॅम्बिटची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या चाली बिनधोक नाहीत. फाल्कबीअरच्या मूळ चालीस पांढऱ्याने लोभ आवरून शांतपणे उत्तर दिले, तर दिलेले प्यादे परत मिळत नाही, असे आजचे जाणकार मानतात. अल्बिनविषयीही त्यांचे मत असेच सावध आहे. आता तर गणकयंत्रे क्षणार्धात प्रत्येक दानाचा जमाखर्च मांडून दाखवितात. म्हणून थोर स्पर्धांत या चाली क्वचित दिसतात. तरुणांच्या स्पर्धांत मात्र त्यांचे आकर्षण आजही आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. तरुणाजवळ अनुभवाचा साठा थोडा असतो, पण घरी एक चाल खोल अभ्यासण्याची चिकाटी असते. आणि समोरचाही तरुणच असल्यामुळे समोर दिसलेला उंट सोडून देण्याचा संयम त्याच्याजवळ असेलच असे नाही.

पांढुर्ण्याच्या श्रोत्यांना उलट प्रहाराविषयी मी काय सांगावे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभी राहतात, मध्ये पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा असतो, आणि दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. गोटमारीचा मान, चंडीमातेची श्रद्धा आणि गावाचा अभिमान या गोष्टी मी जाणतो. पण त्या गोट्यांनी वर्षानुवर्षे माणसे जखमी झाली, काहींचे प्राणही गेले. प्रशासनाने दगडांऐवजी चेंडू देऊन पाहिले, तरी प्रथा सुटली नाही. गोट्यास गोटा हे उत्तर खरे, परंतु त्याला काउंटर-गॅम्बिट म्हणता येणार नाही. तेथे काठ दोन असले, तरी चाल एकच आहे. फाल्कबीअरची चाल याच्या नेमकी उलट आहे : समोरच्याने जे केले तेच परत करावयाचे नाही; आपल्याजवळचे काही देऊन खेळाची दिशाच बदलावयाची. सूड आणि प्रत्युत्तर यांतला हा भेद पटावर जितका स्वच्छ दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

आता तरुणांच्या स्पर्धांविषयी. वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक स्पर्धा प्रथम १९५१ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे भरली आणि युगोस्लाव्हियाचा बोरिस्लाव्ह इव्हकोव्ह तीत विजयी झाला. १९५५ साली अँटवर्प येथे बोरिस स्पास्कीने ती जिंकली. तो पुढे जगज्जेता झाला. त्याच १९५५ साली भारताची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आंध्रातील एलुरू येथे झाली, आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. पहिल्या राष्ट्रीय विजेतेपदात एक वाटा मराठी माणसाचा होता, हे ध्यानात ठेवावे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे कित्येक पिढ्यांतील मुलांना पटासमोर बसविले. १९८७ साली फिलिपाइन्समधील बाग्यो येथे विश्वनाथन आनंद जागतिक ज्युनिअर विजेता झाला आणि भारतातील घराघरांत या खेळाचे नाव पोहोचले.

मुलींची वाट अधिक बिकट होती. त्यांच्यासाठी जागतिक ज्युनिअर स्पर्धा सुरू झाली ती १९८२ साली, म्हणजे मुलांच्या नंतर एकतीस वर्षांनी. परंतु मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी तोवर वाट पाहिली नाही. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. नंतर जयश्री आणि रोहिणी या बहिणींनी ते विजेतेपद घरातच राखले. १९७६ साली अवघ्या तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठे वादंग माजले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. १९८१ साली रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या. पुरुषांनी आखलेल्या पटावर दुसरी चाल वाट्यास आलेल्या मुलीने दिलेले हे उत्तर होते. आणि त्यात तिने बचाव केला नाही, डाव पुढे रेटला. पुढे २००९ साली पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन यांनी अर्जेंटिनात मुलींचे जागतिक ज्युनिअर विजेतेपद मिळविले; त्यापूर्वी २००८ साली नाशिकचे विदित गुजराथी चौदा वर्षांखालील मुलांत जागतिक विजेते झाले होते.

आणि आता नागपूर. २०१९ साली रौनक साधवानी तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाले. २०२१ साली संकल्प गुप्ता यांना तोच किताब मिळाला. दिव्या देशमुख यांचा जन्म २००५ साली नागपुरात, डॉक्टर आईवडिलांच्या घरी झाला. २०१४ साली त्या दहा वर्षांखालील आणि २०१७ साली बारा वर्षांखालील मुलींत जागतिक विजेत्या ठरल्या. २०२४ च्या जून महिन्यात गुजरातेतील गांधीनगर येथे अकरा फेऱ्यांत दहा गुण मिळवून त्यांनी जागतिक ज्युनिअर विजेतेपद घेतले. पुढच्या वर्षी, २०२५ च्या जुलैमध्ये, जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत त्यांच्यासमोर होत्या कोनेरू हंपी. हंपी २००१ साली जागतिक ज्युनिअर विजेत्या झाल्या, तेव्हा दिव्या यांचा जन्मही झाला नव्हता. पहिले दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैस जलद डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्या यांच्या हाती काळी मोहरी होती, आणि तोच डाव त्यांनी जिंकला. त्या विजयाबरोबर त्या विश्वचषकाच्या मानकरी आणि भारताच्या अठ्ठ्याऐंशीव्या ग्रँडमास्टर झाल्या. दुसरी चाल वाट्यास आली म्हणजे केवळ बचाव करावा, या शहाणपणास याहून चांगले उत्तर कोणते?

नागपूर ते पांढुर्णा हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे. सौंसर त्याहूनही जवळ. मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर होती, तोवर या गावांचे कोर्टकचेरीपासून महाविद्यालयापर्यंतचे सारे व्यवहार त्या शहराशी होते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली, जी येथून नागपूरच्या दुपटीहून अधिक दूर आहे. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्याच्या बागा, घरातली मराठी, पोळ्याचा सण आणि नागपूरचा बाजार हे सारे सीमेने बदलले नाही. परंतु खेळांच्या निवड-स्पर्धा राज्यावार होतात. ज्या मुलाचे मामा, मावशी आणि पुस्तकांचे दुकान नागपुरात, त्याला निवडीसाठी मात्र उलट दिशेच्या गाडीत बसावे लागते. नागपूरच्या मुलीच्या विजयाने त्याचा ऊर भरून येतो, आणि तरीही कागदावर तो विजय दुसऱ्या राज्याचा असतो.

सीमेवरच्या मुलाच्या हाती काळी मोहरी आली आहेत, असे कोणास वाटले तर ते चूक नाही. पहिली चाल त्याच्याकडे नाही. त्याची घरची भाषा एक आणि राज्यकारभाराची दुसरी. अशा स्थितीत दोन सोपी उत्तरे सुचतात. एक, गप्प बसून जे आहे ते सांभाळावे. दुसरे, गोट्यास गोटा मारावा. काउंटर-गॅम्बिटचा इतिहास तिसरे उत्तर सुचवितो. आपल्याजवळचे काही आपण होऊन द्यावे आणि त्या बदल्यात वाट मोकळी करून घ्यावी. जो मुलगा हिंदी आपली मानून शिकतो आणि मराठीही सोडीत नाही, त्याने कष्टाचे एक प्यादे जास्त दिलेले असते. पण त्याच्यासाठी भोपाळची आणि नागपूरची अशा दोन्ही रांगा मोकळ्या होतात. अट एवढीच, की हे दान डोळे उघडे ठेवून केलेले असावे. मॉर्फीने तीन वेळा दिले, कारण तिन्ही वेळा त्याला पुढचे दिसत होते. न पाहता दिलेले प्यादे केवळ गेलेले प्यादे असते.

आणि हे पाहणे शिकविता येते, ही या खेळाची मोठी थोरवी आहे. त्यासाठी मैदान लागत नाही, पावसाळा आड येत नाही, मुलगा-मुलगी हा भेद लागत नाही. एक पट आणि बत्तीस मोहरी यांना एका क्रिकेटच्या बॅटीहून अधिक पैसे पडत नाहीत. पांढुर्णा आणि सौंसर येथील शाळांनी व वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या कामी दिली, दोन्ही गावांतल्या मुलांचे महिन्याकाठी सामने लावले आणि त्यांचे डाव वहीत उतरवून ठेवले, तर त्यास कोणत्याही सरकारी मंजुरीची गरज नाही. प्रारंभ करताना मुलांसमोर अल्बिनचा तो सापळा मांडावा. पोरे सातव्या चालीस येतील, प्यादे शेवटच्या घरात पोहोचेल, आणि दहांपैकी नऊ जण हात पुढे करून म्हणतील, वजीर! त्या वेळी शिक्षकाने उत्तर सांगू नये. पट तसाच राहू द्यावा आणि दहाव्याची वाट पाहावी.